दोरावरचा हात

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हे आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही, आणि सांगितलं तरी गोष्टीत काही फरक पडायचा नाही. लहानांनी ही गोष्ट घंटांसाठी ऐकावी. मोठ्यांनी ती जरा सावध होऊन ऐकावी, कारण तिच्यातली चूक मोठ्यांनी केलेली आहे.

एका खाडीच्या तोंडाशी मासेमारी करणाऱ्यांचं गाव होतं. गावात चर्च होतं, चर्चला उंच मनोरा होता आणि मनोऱ्यात पाच घंटा टांगलेल्या होत्या. सगळ्यात लहान घंटेचा आवाज बारीक, सगळ्यात मोठीचा भरदार. प्रत्येक घंटेला एक दोर आणि प्रत्येक दोराला एक माणूस. लहानीपासून मोठीपर्यंत एकीमागून एक घंटा वाजवायच्या आणि परत लहानीपासून सुरुवात करायची, असा तिथला रिवाज होता.

हा रिवाज नुसत्या हौसेचा नव्हता. हिवाळ्यात सकाळी खाडीवर असं दाट धुकं उतरे, की होडीत पुढे बसलेल्याला मागचा दिसत नसे. पलीकडच्या तीरावर उभी टेकडी होती आणि तिच्या पायथ्याशी काळे खडक. घंटांचा आवाज टेकडीवर आपटून माघारी येई. घंटा ओळीनं वाजल्या, की खरा आवाज कुठला आणि टेकडीचा कुठला हे होडीतल्या माणसाला उमगे. घंटा एकमेकींवर आदळल्या, की सगळी खिचडी होई आणि माणूस घर समजून खडकांकडे वल्हवत जाई.

इथली घंटा नुसता दोर हिसडून वाजत नसे. ती चाकावर अख्खी फिरे. तिला दोन ओढी लागत. दोरावर डोक्याच्या उंचीला लोकर गुंडाळलेली असे. ती धरून पहिली ओढ द्यायची. मग दोर सरसर वर जाई. तेव्हा लोकर सोडून द्यायची आणि दोराचं शेपूट तेवढं हातात ठेवायचं. घंटा फिरून वर टेकली, की शेपटानं दुसरी ओढ द्यायची. लोकर खाली येई, ती पुन्हा धरायची. ऐकायला सोपं वाटतं ना? दोर वर जाताना ज्यानं लोकर सोडली नाही, तोही दोराबरोबर वर जाई.

पास्कूबाबा म्हणून एक म्हातारे होते. गावातल्या वाजवणाऱ्यांच्या दोन पिढ्या त्यांनी तयार केल्या होत्या. पुढे त्यांचे पाय मनोऱ्याच्या पायऱ्या चढेनासे झाले, तेव्हा त्यांनी इनासला बोलावलं. इनास हा गावातला सगळ्यात चांगला वाजवणारा. त्याच्या हातात दोर आला की घंटा शहाण्या गाईसारखी वागे. स्वभावही मऊ, कुणाला दुखवणं त्याला ठाऊक नव्हतं.

पास्कूबाबा म्हणाले, "जुने वाजवणारे आता थकत चाललेत. नवी माणसं तयार कर. आजपासून मनोरा तुझा."

इनासला आभाळ ठेंगणं झालं.

शिकायला चार जण आले. त्यांत एक होती रेमेदी, इनासचा जिवलग दोस्त जाकू याची बायको. बाकीच्यांत एक सुतार होता, एक शिंपी आणि एक पाव भाजणारी बाई. चौघंही मनापासून शिकायला आलेली होती, पण रेमेदीची ओढ वेगळी होती. जाकूची होडी रोज पहाटे खाडीबाहेर जाई. धुक्यात त्याला घरी आणणाऱ्या दोरांपैकी एक आपल्या हातात असावा, असं तिला फार वाटे.

इनासनं शिकवायला सुरुवात केली. तो शिकणाऱ्याच्या समोर उभा राही आणि त्याच्या हाताच्या वर आपला हात दोरावर ठेवी. शिकणाऱ्याची ओढ हलकी पडली, की इनासचा हात जोर लावी. ओढ उशिरा आली, की इनासचा हात आधीच पोचलेला असे. तोंडानं तो सारखा म्हणत राही, "छान. जमतंय. वा, वहिनी."

आता त्याचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. मनोऱ्यातली चूक चार भिंतींत राहत नाही. एक ओढ चुकली की सारं गाव मान वर करून बघतं, आणि विहिरीवर दिवसभर त्याचीच चर्चा. आपल्या माणसांचं हसं व्हावं हे इनासला सहन होईना. आपल्या शिकवण्याचं हसं व्हावं हे तर त्याहून सहन होईना. पण ते तो स्वतःशीही बोलला नाही.

रविवारी चार दोर जुन्या माणसांच्या हातात असत आणि पाचवा शिकणाऱ्याच्या. त्या पाचव्यावर इनासचा हात. घंटा अशा गोड वाजत, की लोक तोंडात बोटं घालत. रेमेदीचा रविवार आला, तेव्हा मोठी घंटा तिच्याकडे होती. ती खाली उतरली तर बायकांनी तिला गराडा घातला, तिची पाठ थोपटली, आणि जाकू दिवसभर अशा ऐटीत फिरला जणू घंटा त्यानंच वाजवली होती.

पुढच्या हिवाळ्यापर्यंत जुन्यांपैकी कुणी देवाघरी गेलं, कुणाचे गुडघे गेले. मनोऱ्यात इनास आणि त्याची चार माणसं एवढीच उरली. गाव निश्चिंत होतं. इनासही निश्चिंत होता, ही त्यातली नवलाची गोष्ट. आपण इतके दिवस काय करत होतो हे त्याच्या हातांना ठाऊक होतं, त्याला नव्हतं.

मग धुकं आलं.

होड्या बाहेर होत्या. पाचही जण मनोऱ्यात धावले आणि आपापल्या दोराला लागले. पहिली ओढ सगळ्यांनी दिली. दोर वर गेले. रेमेदी वाट बघत राहिली, कारण या क्षणी दरवेळी दोर आपोआप सावरला जाई. आज तो सावरला गेला नाही. तिनं घाबरून लोकर घट्ट धरली आणि तिचे पाय जमिनीवरून उचलले गेले. ती पडली, दोर भिंतीवर सपासप आपटू लागला. ते पाहून सुताराची ओढ चुकली, शिंप्याची त्याच्यावर आदळली. इनास आपला दोर टाकून तिच्या दोराकडे धावला, तिथून सुताराकडे, तिथून पाववालीकडे. पाच दोर आणि दोन हात. घंटा नुसता कोलाहल करत राहिल्या.

जाकूची होडी टेकडीच्या आवाजामागे गेली आणि खडकावर आपटली. जीव वाचला, पण होडी फुटली आणि जाकूचा पाय मोडला. त्याला खाटेवर घालून घरी आणलं तेव्हा रेमेदी दारात उभी होती. ती रडली नाही. तिनं फक्त आपले हात पदराखाली घेतले.

त्यानंतर ती मनोऱ्याकडे फिरकली नाही, आणि तिच्या पाठोपाठ बाकीचीही यायची थांबली. गावानं ठरवलं, की घंटांचा भरवसा नाही तोवर धुक्यात होड्या काढायच्या नाहीत. हिवाळा लांबला होता. सकाळमागून सकाळ धुक्याची उगवे, होड्या वाळूत पालथ्या पडून राहत आणि घरोघरच्या चुली उशिरा पेटत.

इनास पास्कूबाबांकडे गेला. म्हातारा अंगणात जुना दोर उलगडत बसला होता.

"बाबा, माणसं कच्ची निघाली," इनास म्हणाला. "मी जीव तोडून शिकवलं. कधी आवाज चढवला नाही."

"ते दिसलंच," बाबा म्हणाले. "मला एक सांग. शिकवून घरी गेलास की रात्री खांदे दुखायचे?"

"दुखायचे की. जेवताना हात वर होत नसे."

"आणि त्यांचे?"

इनास विचार करू लागला. "त्यांची कधी तक्रार नव्हती."

बाबांनी दोराचा आणखी एक पीळ सोडवला. इनासनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. मग त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे सगळ्या घंटा मीच वाजवत होतो," तो हळूच म्हणाला.

"हो. आणि ते तुझ्या माणसांना अजून माहीत नाही. तुझ्या दोस्ताची बायको समजते, की तिला येत होतं आणि ऐन वेळी तिनं घात केला. आधी जाऊन ते सांग. मग माझ्याकडे ये. वाजवायला तुला मी शिकवलं होतं, शिकवायला शिकवायचं राहून गेलं. ती चूक माझी."

रेमेदी परसात मासे साफ करत होती. इनासनं उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आपलं ओझं हलकं झालं की तिचंही होईल, असं त्याला वाटत होतं. तसं काही झालं नाही.

"म्हणजे त्या रविवारी बायकांनी माझी पाठ थोपटली, ती तुमची होती?" रेमेदीनं विचारलं.

"हो, वहिनी."

"आणि तुम्ही बाजूला उभे राहून 'वा' म्हणालात."

इनासनं मान खाली घातली.

"भाऊजी, तुम्ही माझ्यावर ओरडला असता तर मी रडले असते आणि शिकले असते. तुम्ही मला काही शिकूच दिलं नाहीत. आता जा." तिनं विळी पुढे ओढली आणि पुन्हा मान वर केली नाही.

इनास परतला. त्या रात्री त्याला झोप लागली नाही, आणि लागू नये हेच बरं होतं.

पण काही दिवसांनी रेमेदीच त्याच्या दारात आली. राग तिच्या चेहऱ्यावर तसाच होता. ती म्हणाली, "मला येत नाही, असं समजून मी घरी बसले होते. काल जाकूचा पाय बांधताना माझ्या ध्यानात आलं, की मी तर घंटा अजून एकदाही वाजवलेली नाही. मग मला येत नाही, हे तरी कुणी ठरवलं? चला."

दुसऱ्या दिवशी चौघा तांडेलांनी, म्हणजे होड्यांच्या म्होरक्यांनी, पास्कूबाबांना खुर्चीत बसवून मनोऱ्यात वर चढवलं. म्हातारा वाळलेल्या बोंबलाएवढा हलका, पण वाटभर सूचना इतक्या, की वर पोचेपर्यंत तांडेल टेकीला आले. वर गेल्यावर बाबांनी पहिलं काम सांगितलं, घंटांच्या लोलकांना जाड चामडं बांधायचं.

"आवाजच येणार नाही मग," इनास म्हणाला.

"येईल, खोलीपुरता. गावाला ऐकू जाणार नाही. शिकणाऱ्याला चुकायला जागा लागते रे. भर बाजारात कुणी चालायला शिकतं का?"

दुसरं काम इनासला जड गेलं. बाबांनी सांगितलं, की रेमेदीला अख्खी घंटा द्यायची नाही. वरची, लोकरीची ओढ इनासनं द्यायची, खालची, शेपटाची, रेमेदीनं. "अर्धीच घंटा दे. पण ती अर्धी पुरती दे. खालच्या ओढीला तुझा हात दोराजवळ दिसता कामा नये."

इनासनं वरची ओढ दिली. दोर वर गेला. रेमेदीनं शेपूट ओढलं, तेही हलकं, आणि इनासचा हात आपसूक पुढे गेला. बाबांची काठी त्याच्या बोटांवर बसली.

"बाबा, चूक त्यांची आणि मार मला?"

"त्या शिकताहेत, त्यांची चूक होणारच. तू पण शिकतोयस. ही तुझी चूक."

रेमेदीला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलेलं ते हसू होतं.

दिवसभर काठी वाजत राहिली. संध्याकाळी इनासची बोटं लाल झाली होती आणि रेमेदीचे खांदे भरून आले होते. ती खाली उतरताना खांदा चोळत होती आणि तिचा चेहरा उजळला होता. तिची ओढ हलकी पडली की घंटा अर्ध्यातूनच परत फिरे, जास्त पडली की दोर हाताला झोंबे. दुसऱ्याच्या हातातून न येता हे तिच्याकडे प्रथमच सरळ येत होतं. खालची ओढ बसल्यावर वरची आली, मग दोन्ही जोडल्या गेल्या. ते पाहून बाकीची तिघंही परत आली.

इनास आता भिंतीला टेकून, हात पाठीमागे बांधून उभा राही. बोटं एकमेकांत घट्ट अडकवलेली असत. एखादी ओढ उशिरा येणार हे त्याला आधीच कळे, आणि तरी तो गप्प बसे. चूक होऊ देई, ती शिकणाऱ्याच्या कानावर पडू देई आणि मग विचारी, "काय झालं वाटतं?" बहुतेक वेळा त्यांनाच ठाऊक असे.

चौघं तयार झाली तेव्हा बाबा म्हणाले, "आता पाचवा माणूस आणा. त्याला रेमेदी शिकवेल."

पाचवे आले ते खुद्द चर्चचे फादर. फादरना सूचना द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती. लोकर सोडा म्हटलं की ते का सोडायची ते विचारत, आणि तोवर टाचा उचललेल्या असत. रेमेदी हात पाठीमागे घेऊन शांतपणे म्हणे, "फादर, आधी सोडा, मग विचारा." तिनं त्यांच्या दोराला एकदाही हात लावला नाही. हिवाळा सरता सरता फादरांची लहान घंटाही ओळीत येऊ लागली. चामडी काढली गेली.

आणि मग एका सकाळी, हिवाळ्याचं शेवटचं म्हणावं असं धुकं आलं. इनास सवयीनं मनोऱ्याकडे धावला. दारातच पास्कूबाबा खुर्ची आडवी घालून बसले होते.

"वर पाच माणसं आहेत, दोरही पाचच आहेत. तुझं तिथे काय काम?" ते म्हणाले. "किनाऱ्यावर जा. जाकूनं होडी दुरुस्त करून घेतलीय. पाय मोडल्यापासून आज तो पहिल्यांदा सुकाणूवर बसतोय, त्याला वल्हं मारायला माणूस पाहिजे. खाडीबाहेर जाळं टाका, आणि घंटा ऐकत घरी या."

इनासनं वर मनोऱ्याकडे पाहिलं. "बाबा, आज नको. त्यांचं काही चुकलं तर?"

"तर तू खडकावर जाशील. ज्यांना तू शिकवलंस त्यांच्या भरवशावर तुझी होडी घरी आणायला तू तयार नसशील, तर गावानं आपल्या होड्या का सोडाव्यात?"

इनासनं मनोऱ्याकडे पाठ केली. तो गेला.

खाडीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसत नव्हतं. दोघांनी जाळं टाकलं, ओढलं, आणि परतीला लागले. घंटा ऐकू येऊ लागल्या. फादरांची बारीक, मग शिंप्याची, सुताराची, पाववालीची, आणि शेवटी रेमेदीची भरदार. ओळ साफ होती. पलीकडून टेकडी तीच ओळ मंद आवाजात परत म्हणत होती. जाकूनं सुकाणू वळवलं.

अर्ध्या वाटेत मोठी घंटा घाईनं आली. ती पाववालीच्या घंटेवर आदळली. पुढच्या फेरीत पुन्हा तेच झालं, आणि दोन्ही बाजूंचे आवाज एकमेकांत मिसळले. घर कुठे आणि खडक कुठे, काही कळेना. इनासचे दोन्ही हात वर गेले आणि धुक्यात नसलेला दोर धरू लागले.

"इनास," जाकू शांतपणे म्हणाला, "हात वल्ह्यावर ठेव. वल्हवू नको. थांबू या."

इनासनं हात खाली घेतले. त्याला भीती वाटत होती, साधी जिवाची भीती. आता त्याच्याकडून काही होण्यासारखं नव्हतं. वर मनोऱ्यात एक बाई होती, तिच्या हातात एक दोर होता, आणि त्या दोरावर दुसऱ्या कुणाचा हात नव्हता.

पुढच्या फेरीत मोठी घंटा थबकली. चाकावर उलटी उभी राहून, तोल सांभाळत ती पाववालीची घंटा पूर्ण वाजेपर्यंत थांबली आणि मग आली. त्याच्या पुढच्या फेरीत ओळ पुन्हा साफ होती.

"तिचीच आहे ना ती?" जाकूनं विचारलं.

"तिचीच," इनास म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. इतक्या वर्षांत स्वतः वाजवलेल्या कुठल्याही घंटेचा त्याला एवढा आनंद झाला नव्हता.

होडी वाळूला लागली. ती लागल्याची हाक वर पोचेपर्यंत घंटा वाजत राहिल्या, मग थांबल्या. रेमेदी खाली आली. तिनं आधी जाकूला पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि मग इनासकडे वळली.

"मध्ये माझं चुकलं होतं. ऐकू आलं का?"

"आलं."

"मग?"

"मग तुम्ही ते सावरलंत. तेही ऐकू आलं, वहिनी."

रेमेदीनं खांदा चोळला. "जेवायला या घरी," ती म्हणाली. "मासे आहेत."

पुढे त्या गावात एक पद्धत पडून गेली. कितीही चांगली घंटा वाजवणारा असो, त्याला कुणी लगेच शिकवणारा म्हणत नसे. आधी त्यानं माणसं तयार करायची, आणि मग एका धुक्याच्या सकाळी त्यांच्या हाती दोर सोपवून आपण होडीत बसायचं. जो घरी परत येई, त्याला मनोऱ्याची किल्ली मिळे. त्या खडकांवर नंतर एकही होडी गेल्याचं कुणी सांगत नाही.

तात्पर्य: शिकणाऱ्याला थोडंच द्यावं, पण जेवढं द्यावं त्यावरून आपला हात पुरता काढून घ्यावा, कारण ज्याची प्रत्येक चूक दुसरा सावरतो, त्याला स्वतःची एकही चूक सावरता येत नाही.